रोजमेळ घराचाही: हंगामी कामात कुटुंबाचा वेळ कसा राखावा

सांगली जिल्ह्यात वर्षभर सारखेच काम असणारी माणसे थोडी आहेत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोड, वाहतूक, काटा आणि बिले यांतून कोणाला मान वर करता येत नाही. फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात हळदीची आवक वाढते, त्याच सुमारास तासगाव आणि मिरज भागात द्राक्षे उतरतात, बेदाण्याची शेड भरतात, आणि एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची फळछाटणी आली की बागायतदाराला घरचे लग्नसुद्धा छाटणीची तारीख पाहून धरावे लागते. या सर्वांचे हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचे काम त्यांच्या मागोमाग चालते. विश्रामबागेत गेली अठरा वर्षे मी कर सल्ल्याचे एक छोटे कार्यालय चालवते. माझ्याकडे तिघे सहकारी आहेत, पती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात, आणि घरात सासूबाई व आठवीतला मुलगा आहे.

आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास कुटुंब ही वाटणी ऐकायला चांगली असली, तरी आमच्याकडच्या कामाला ती लागू पडत नाही. हंगामात ती पाळता येत नाही, आणि पाळता आली नाही की माणूस स्वतःला दोष देतो व काही दिवसांनी प्रयत्नच सोडून देतो. माझ्या अनुभवाप्रमाणे काम आणि घर यांचा मेळ वर्षाचा घालावा, तो आठवड्याला तपासावा, आणि रोजच्या दिवसात एक-दोनच गोष्टी अशा राखाव्यात की ज्यांना ऐन हंगामातही हात लागणार नाही. हे कसे साधायचे, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

मला हे उमगायला एका फेब्रुवारीतला २० तारखेचा दिवस कारणीभूत झाला. जीएसटीचे ३बी हे मासिक विवरण भरण्याची मुदत दर महिन्याच्या २० तारखेला संपते, हे व्यापाऱ्यांच्या घरी लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच दिवशी मिरजेला सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. नर्सने दारातून नाव पुकारले, मी ते ऐकलेही, परंतु पडद्यावर एका व्यापाऱ्याचे कर भरण्याचे चलन तयार होत होते, म्हणून बोटाने थांबण्याची खूण केली. काही वेळाने मान वर केली तेव्हा सासूबाई डोळ्यावर पट्टी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या आणि एक अनोळखी बाई खाली वाकून त्यांच्या पायांत चपला सरकवत होती. सासूबाई मला काहीही बोलल्या नाहीत. त्या दिवशीची सर्व विवरणे वेळेत भरली गेली.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. रुग्णालयाने आम्हाला १८, २० आणि २५ अशा तीन तारखा सुचवल्या होत्या आणि २० तारखेला होकार मीच दिला होता. फोन आला तेव्हा मी कोणाचे तरी खाते जुळवत होते, समोर कॅलेंडर नव्हते, आणि मधली तारीख तोंडातून निघून गेली. माझे सासूबाईंवर प्रेम नव्हते किंवा मला कामाची हाव होती, असे नव्हते. घराच्या तारखा आणि कामाच्या तारखा एका जागी लिहिलेल्या नव्हत्या, इतकेच कारण होते. त्यामुळे घरातील वेळेचा प्रश्न हा मनाच्या चांगुलपणाचा आहे असे समजून केवळ निश्चय करीत बसण्यापेक्षा, तो हिशेबाचा प्रश्न आहे असे समजून वही उघडणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आधी दोन आठवडे रोजमेळ लिहा

दुकानात पैसा कुठे मुरतो हे पाहायचे असेल तर आपण रोजमेळ काढतो. वेळेचेही तसेच करावे. एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे, रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढून, त्या दिवसाचे तास कुठे गेले ते लिहावे. आठवून लिहिताना माणूस स्वतःच्या बाजूने लिहितो, म्हणून शक्य असेल तर दुपारी एकदा आणि रात्री एकदा अशी दोनदा नोंद करावी. त्या दोन आठवड्यांत वागणे सुधारण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, अन्यथा वहीत खरा दिवस उतरत नाही.

माझ्या वहीतील मार्चमधल्या एका मंगळवारची नोंद अशी होती. सकाळी ६:१० ते ८:४० स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधे. ९:४५ ते दीड कार्यालय. दुपारी डबा खातानाच दोघा व्यापाऱ्यांशी बोलणे. पुन्हा ७:०० पर्यंत कार्यालय. ७:२० ला घरी. त्यानंतर रात्री पावणेअकरापर्यंत मी फोन हातात घेतला तो २३ वेळा, आणि सर्व मिळून वेळ गेला केवळ ५५ मिनिटे. एकत्र पाहिले तर ५५ मिनिटे काही फार नाहीत. ती एका जागी बसून संपवली असती तर उरलेली संध्याकाळ मोकळी राहिली असती. २३ तुकड्यांत विभागल्यामुळे मात्र मुलाशी सुरू केलेले एकही बोलणे त्या संध्याकाळी पूर्ण झाले नाही. अशी गोष्ट वहीत उतरल्याशिवाय ध्यानात येत नाही, कारण आपल्याला दिवसभराचा थकवा तेवढा जाणवतो, त्याचे तुकडे दिसत नाहीत.

वहीत घरकामही कामाच्याच रकान्यात लिहावे, याबद्दल माझा आग्रह आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रीची दुसरी पाळी पावणेपाच तासांहून मोठी असते. तिच्या वहीत नोकरीचे आठ तास एवढेच काम म्हणून लिहिले, तर बाकीचा दिवस विश्रांतीचा ठरतो आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आमच्या घरी ही वही पतींनी वाचली आणि त्यानंतर कामांची वाटणी नव्याने झाली. या बाबतीत एक गोष्ट मी अनुभवाने शिकले: मदत मागू नये, पूर्ण काम सोपवावे. भाजी चिरून देणे ही मदत झाली. मुलाचा डबा सोपवणे याचा अर्थ उद्या कोणती भाजी करायची ते आठवणे, ती आदल्या दिवशी मंडईतून आणणे, डबा धुऊन ठेवणे आणि शनिवारी शाळा लवकर सुटते हे ध्यानात ठेवणे, असे सर्व आले. आठवण ठेवणे हेच पुष्कळदा कामातील सर्वांत जड अंग असते. पतींनी डबा घेतला तेव्हा पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस पोळी आणि शेंगदाण्याची चटणी गेली. मी मध्ये पडले नाही. मध्ये पडले असते तर काम माझ्याकडे परत आले असते. चौथ्या दिवशी मुलानेच बाबांना भाजी सुचवली आणि तेव्हापासून डब्याचा विषय माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

भिंतीवर एकच कॅलेंडर

दोन आठवड्यांची वही झाली की वर्ष मांडायला बसावे. यासाठी मोबाइलमधील कॅलेंडरपेक्षा स्वयंपाकघरातील भिंतीवरचे मोठे कॅलेंडर मला अधिक चांगले वाटते, कारण ते सासूबाईंना आणि मुलालाही दिसते आणि त्यावर कोणीही लिहू शकते. नव्या वर्षाचे कॅलेंडर घरी आले की एका रविवारी सर्वांनी मिळून बसावे आणि लाल शाईने कामाच्या, हिरव्या शाईने घराच्या तारखा लिहाव्यात. दोन शाया हव्यातच, नाहीतर दोन्ही तारखा एकमेकींवर आलेल्या दिसत नाहीत.

माझ्या लाल तारखा ठरलेल्या आहेत: महिन्याची ७ तारीख टीडीएस भरण्याची, ११ तारीख विक्रीच्या विवरणाची, २० तारीख ३बीची, शिवाय वर्षअखेरची ३१ मार्च, लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबर, आणि प्राप्तिकर विवरणांच्या ३१ जुलै व ३१ ऑक्टोबर. हळदीच्या अडत्याच्या लाल तारखा वेगळ्या असतील, ऊस वाहतूकदाराच्या वेगळ्या, शिक्षकाच्या परीक्षांच्या आणि निकालांच्या. तुम्ही कोणतेही काम करीत असलात, तरी गेल्या वर्षीच्या वहीवरून किंवा बिलांवरून दाटीचे आठवडे सहज सापडतात. मुदतवाढ मिळेल या भरवशावर मात्र घराची तारीख ठरवू नये. मिळाली तर ते दिवस वरकड समजावेत.

हिरव्या शाईत केवळ सणवार लिहून भागत नाही. गणपतीची तारीख कोणी विसरत नाही. जे विसरले जाते ते लिहावे: सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, मुलाच्या चाचण्या, शाळेतील पालकसभा, बहिणीकडे जायचे ते दोन दिवस, गावची यात्रा, गॅस शेगडीची दुरुस्ती, आणि ज्या दिवशी काहीही करायचे नाही असा महिन्यातून एक संपूर्ण दिवस. हिरव्या तारखा आधी लिहाव्यात आणि लाल नंतर, असेही मी सुचवेन. लाल तारखा कायदा आणि बाजार आपोआप आठवून देतात, तर हिरव्यांची आठवण देणारे घराबाहेर कोणी नसते.

दोन्ही शाया एकाच आठवड्यात आल्या की काय करायचे, हे तेव्हाच, म्हणजे सहा महिने आधी ठरवावे. गणपती आणि लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबर यांचा आमच्याकडे बहुतेक वर्षी संघर्ष होतो. आमच्या सांगलीत गणपतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा अर्धे शहर रस्त्यावर असते. म्हणून आम्ही ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच व्यापाऱ्यांकडून वह्या मागवून घेतो आणि गणपतीचे पाच दिवस कार्यालय दुपारी २ वाजता बंद करतो. पूर्वी वह्या सप्टेंबरात येत असत. आता ज्यांच्या वह्या ऑगस्टात येतात त्यांचे काम आधी, असा नियम मी लेखी कळवला आहे आणि तीन वर्षांत बहुतेकांनी तो अंगवळणी पाडून घेतला.

हंगाम लागला की घरी एक वाक्य स्पष्ट सांगावे: हा हंगाम कधी संपणार, ते. “सध्या काम आहे” या बोलण्याने घरच्यांना धीर येत नाही, कारण “सध्या” कधी संपत नाही. “२० तारखेपर्यंत मी रात्री आठला येईन, २१ आणि २२ ला मी घरी आहे” असे म्हटले की मुलगाही बोटे मोजून थांबतो, मात्र २१ तारखेला खरोखर घरी राहावे लागते. सलग तीन आठवड्यांहून जास्त काळ एकही पूर्ण सुटी न घेता काम करू नये, ही मी स्वतःला घातलेली मर्यादा आहे. चौथ्या आठवड्यात माझ्या आकड्यांच्या चुका वाढतात, हे माझ्याच वहीत मला दिसले आहे.

या बाबतीत बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दिवाळीच्या आसपास आमच्याकडे बेदाण्याचे सौदे काही काळ बंद ठेवतात आणि त्या काळात एकमेकांची सर्व देणी-घेणी मिटवतात. याला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. नवा माल घेण्याआधी जुने येणे-देणे शून्यावर आणायचे, असा तो रिवाज आहे. आम्ही घरातही दिवाळीआधीच्या रविवारी असेच बसतो आणि वर्षभरात कोणाला दिलेला कोणता शब्द राहून गेला ते प्रत्येकाने सांगायचे असते. गेल्या वर्षी माझ्याकडे मुलाचे सागरेश्वर अभयारण्याच्या सहलीचे देणे निघाले होते.

फोन आणि ग्राहक

रात्रीचे २३ तुकडे वहीत दिसल्यावर मी पहिल्यांदा रात्री फोन बंद करून पाहिला. तो प्रयोग चार दिवस टिकला, कारण माझ्या मनातच धाकधूक राहिली. शेवटी मी एका जुन्या अडत्यांना सरळ विचारले की, तुम्ही रात्री दहाला विचारता त्या गोष्टीचे उत्तर सकाळी मिळाले तर तुमचे नुकसान होते का. ते म्हणाले, “छे हो ताई. पट्ट्या लिहून झाल्या की आठवतं म्हणून टाकून ठेवतो. तुम्ही लगेच उत्तर देता, म्हणून मग पुढचं विचारतो.” घाई त्यांना नव्हतीच. ती मी स्वतः निर्माण केली होती आणि वर्षानुवर्षे पोसली होती. तुमच्याही ग्राहकांपैकी तिघांना हा प्रश्न विचारून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर केलेली व्यवस्था साधी आहे. कामासाठी वेगळे सिम आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवले. त्यात कामाची वेळ नोंदवता येते आणि त्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाते. माझे उत्तर असे आहे: “नमस्कार. आपला निरोप मिळाला. कार्यालयाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ७ आहे. उद्या ११ वाजेपर्यंत आपल्याला उत्तर मिळेल. नोटीस किंवा तपासणीसारखी तातडीची बाब असल्यास कृपया फोन करावा.” यातील ११ वाजताचा शब्द काटेकोरपणे पाळावा लागतो. तो पाळला की लोक रात्री विचारणे आपोआप कमी करतात. तातडीच्या फोनची वाट मुद्दाम उघडी ठेवली आहे, आणि वर्षभरात त्या वाटेने रात्री आलेले फोन सहा होते. संध्याकाळी ८:३० ते ९:१५ हे जेवणाचे पाऊण तास तेवढे पूर्णपणे फोनविना असतात, ३१ मार्चलासुद्धा. रोजच्या दिवसात हात न लावण्याची माझी गोष्ट हीच, आणि दुसरी सात तासांची झोप.

आपण स्वतः मालक असू, तर आपल्या हाताखालच्या माणसांनाही हीच मुभा द्यावी लागते. मी रात्री सुचलेले काम सहकाऱ्यांना रात्री पाठवत नाही, लिहून ठेवते आणि सकाळी देते. हंगामात त्यांना जादा थांबावे लागते, त्याची बदली सुटी कोणत्या तारखेला हे थांबवण्याआधीच ठरते.

नोकरदार आणि पाळीवर जाणारे

नोकरी करणाऱ्यांच्या हाती कॅलेंडर इतके नसते, हे मला पतींच्या नोकरीवरून ठाऊक आहे. त्यांनी आधी आपला हक्क काय आहे ते माहीत करून घ्यावे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याची कमाल मर्यादा ४८ तास, आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्येही जादा कामाचा दुप्पट दर कायम आहे. स्त्रियांसाठी प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली, जिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येते. हे हक्क कोणी आपणहून दिलेले नाहीत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज ती सुटी फोनवर काम करून घालवताना मला त्या माणसांची आठवण येते आणि संकोच वाटतो.

वरिष्ठांशी बोलायचे असेल तर तक्रारीच्या स्वरात बोलू नये, वही घेऊन जावे. “मला फार काम आहे” यापेक्षा “गेल्या चार आठवड्यांत मी अनुक्रमे ५४, ५८, ५१ आणि ५७ तास काम केले, या तीन कामांपैकी कोणते पुढच्या महिन्यात गेले तर चालेल?” असे विचारावे. निर्णय वरिष्ठांकडेच राहतो, पण तास त्यांच्या समोर येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. म्हणून ५५ हा आकडा ध्यानात ठेवावा.

पाळीच्या कामात घराची घडी वेगळी बसवावी लागते. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे हा सल्ला दुसऱ्या पाळीच्या माणसाला निरुपयोगी आहे. तेव्हा दर आठवड्याच्या पाळीप्रमाणे एकत्र जेवण्याची वेळ बदलावी. पतींची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात आम्ही सकाळी एकत्र न्याहारी करतो आणि मुलगा त्यासाठी अर्धा तास लवकर उठतो. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांची दिवसाची झोप ही घराची जबाबदारी असते: खोलीला जाड काळा पडदा, दाराची घंटा बंद, मिक्सर आणि कुकर त्यांच्या झोपण्याआधी, आणि दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना ती वेळ सांगितलेली. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येताना डोळे मिटत असतील, तर वीस मिनिटे तिथेच बसून मग निघावे. या बाबतीत कोणी कमीपणा मानू नये.

स्वतःची इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीतील प्रत्येक घरात एकच आकडा विचारला जातो, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेले. त्या वर्षी आमच्या ओळखीतील ज्यांनी इशारा पातळीलाच सामान माळ्यावर चढवले आणि वृद्धांना नातेवाइकांकडे पाठवले, त्यांचे हाल कमी झाले. जे पायरीवर पाणी यायची वाट पाहत राहिले, त्यांना नावेतून निघावे लागले.

कामाच्या ताणाचेही असेच दोन आकडे आधी ठरवून ठेवावेत, कारण पाणी चढत असताना आपल्याला ते दिसत नाही. माझी इशारा पातळी अशी लिहिलेली आहे: सलग तीन रात्री पहाटे तीनच्या सुमारास जाग येणे, मुलावर कारणाशिवाय ओरडणे, आणि जेवण उभ्याने उरकणे. यांपैकी दोन गोष्टी एका आठवड्यात दिसल्या की घरातील कोणीही मला “चाळीस झाले” असे म्हणू शकते आणि मी त्यावर वाद घालायचा नाही, असे ठरले आहे. त्यानंतर तीन दिवस मी सायंकाळी सहाला कार्यालय सोडते आणि दोन कामे सहकाऱ्यांकडे किंवा एका ओळखीच्या सल्लागारांकडे देते. त्यांच्या अडचणीत मीही त्यांची कामे घेते. असा एक बदली माणूस प्रत्येक स्वतंत्र व्यावसायिकाने शांत काळातच शोधून ठेवावा.

धोक्याची पातळी वेगळी असते. छातीत दडपण, रक्तदाब वाढलेला, दोन आठवडे सतत उदास वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे, अशा वेळी कॅलेंडर आणि वही यांचा उपयोग नाही, डॉक्टरांकडेच जावे. छातीत दडपण असेल तर त्याच घटकेला जावे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

हंगाम उतरल्यावर

दाटीच्या दिवसांपेक्षा मोकळे दिवस हातून सहज निसटतात. हंगाम संपला की माणूस थकून पडतो, मग राहिलेली किरकोळ कामे काढतो, आणि पाहता पाहता पुढचा हंगाम दारात येतो. म्हणून मोकळ्या आठवड्यांचीही आधी नोंद करून ठेवावी, आणि त्यांत खर्चाच्या मोठ्या सहलीच हव्यात असे नाही. संध्याकाळी हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाऊन बसणे, भावे नाट्यमंदिरात नाटक पाहणे, सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या गावी दोन दिवस नेऊन आणणे, असे आमचे बेत असतात. मुलाने मात्र मला सांगितले आहे की त्याला बेतांपेक्षा मी दुपारी घरी असणे आवडते, शाळेतून आल्यावर दार मी उघडावे असे त्याला वाटते. तेव्हापासून नोव्हेंबरातील दर बुधवारी दुपारी मी घरी असते.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आम्ही नोव्हेंबरातच ठरवली. ३१ ऑक्टोबरची विवरणे गेलेली होती, २० तारीख उलटलेली होती, आणि कॅलेंडरवर २५ हा आकडा सासूबाईंनी स्वतः हिरव्या शाईने घेरला होता. त्या दिवशी कामाचा फोन सहकाऱ्याकडे होता आणि नर्सने नाव पुकारले तेव्हा मी दारापाशी चपला घेऊन उभी होते. घरी परतल्यावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा कॅलेंडरच्या समासात लिहिल्या. सकाळच्या माझ्याकडे आल्या, रात्रीच्या पतींनी त्या आठवड्याची पाळी पाहून घेतल्या, आणि दुपारी ४ वाजताच्या वेळेपुढे मुलाने आपले नाव लिहिले.